मन खचलेलं असताना संगीत निर्मिती करावी का? मनःस्थितीचा कामावर नेमका काय परिणाम होतो?

तुम्ही लिहिलंय की गेले काही महिने मन थाऱ्यावर नाही, घरच्या सेटअपवर चार गाणी अर्धवट पडलीत आणि मित्र सांगतोय, 'हाच काळ वापरून घे, दुःखातूनच खरं संगीत येतं.' मित्राचं ऐकू नका. हे वाक्य मी रेकॉर्डिंगच्या खोलीत फार ऐकलंय आणि ते बोलणारा माणूस बहुतेक वेळा माइकच्या पलीकडे, काचेमागे आरामात बसलेला असतो.

दुःखातून चाल सुचते, शब्द सुचतात, हे कोण नाकारतंय? पण सुचणं वेगळं आणि ते गळ्यातून, माइकमधून, मिक्समधून (म्हणजे सगळे आवाज जुळवून केलेल्या मिश्रणातून) ऐकणाऱ्यापर्यंत पोचवणं वेगळं. दुसऱ्या कामाला शाबूत कान लागतो, श्वास लागतो आणि 'हे ठेवू, हे काढू' असं ठरवण्याची ताकद लागते. मन खचलं की सगळ्यात आधी हीच ताकद जाते.

एका अल्बमच्या कामात मी रेकॉर्डिंगला होतो. संगीतकार स्वतःच निर्माता होता. गायिकेचा आवाज खालच्या पट्टीत भरदार, प्रत्येक ओळ सावकाश उलगडणारी. मुख्य गाणं विरहाचं. डबिंगच्या सकाळी तिचा फोन आला: भावाला रात्री रुग्णालयात दाखल केलंय, दोन दिवस द्याल का? मी लगेच हो म्हणणार होतो. निर्मात्याने फोन घेतला आणि म्हणाला, "नाही, तू आहेस तशीच ये. आज जे मिळेल ते पुन्हा मिळणार नाही." मी विरोध केला. तो वयाने आणि नावाने मोठा, पैसेही त्याचे. ती आली.

काय झालं ते तपशिलात सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. रडू आवरताना घशाचे स्नायू आवळले जातात, स्वरयंत्र वर ओढलं जातं आणि श्वास छातीतच अडकतो. त्यामुळे मुखड्याची लांब ओळ तिला एका श्वासात पुरेना. वरच्या स्वरावर आवाज दाबला जाऊन चढा लागायला लागला. स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही म्हणून तिने हेडफोनमध्ये तो वाढवून मागितला. मी वाढवला, तशी ती आणखी दबक्या आवाजात गायला लागली, कारण आपला आवाज कानात मोठा आला की माणूस नकळत गळा आखडता घेतो. लय क्लिकच्या, म्हणजे हेडफोनमध्ये वाजणाऱ्या ठेक्याच्या, पुढे पळत होती, घाबरलेल्या माणसाची पळतेच. अंतऱ्यात ती थांबली, माफी मागितली, पुन्हा सुरू केलं. आणि निर्माता डोळे मिटून मान डोलावत होता.

संध्याकाळी सगळे टेक, म्हणजे गाण्याची प्रत्येक ध्वनिमुद्रित खेप, ऐकले. रडणं ऐकू येत होतं. गाणं ऐकू येत नव्हतं. कोणता शब्द जड, कुठे थांबायचं, कुठे स्वर सोडून द्यायचा, यातलं काहीच तिच्या हातात उरलं नव्हतं.

भाऊ बरा होऊन घरी आल्यावर तिनेच विचारलं, पुन्हा गाऊ का? त्या दिवशी ती कागद न बघता गायली. ज्या ओळीवर आधी आवाज फुटला होता तिथे तिने स्वर धरला, लांबवला आणि शेवटी अगदी बारीक करत सोडला. माझ्या अंगावर काटा आला. दुःख तेच होतं, पण आता ते तिच्या ताब्यात होतं.

निर्माता म्हणाला, "सुरेल आहे, पण आत्मा नाही." त्याने पहिल्या दिवसाचाच टेक घेतला आणि वर पिच करेक्शन, म्हणजे सूर आपोआप सरळ करणारं सॉफ्टवेअर, लावलं. ज्या थरथरीसाठी त्याने त्या मुलीला तसं उभं केलं, तीच थरथर सॉफ्टवेअरने सपाट केली. पुढे चारचौघांत त्याने सांगितलं की मला यंत्रं कळतात, भावना कळत नाहीत. तेव्हा मी एवढंच म्हणालो होतो की दोन्ही टेक शेजारी लावून ऐका. त्याने ऐकले नाहीत.

अशी माणसं मग मोठ्या संगीतकारांचे दाखले देतात. तेच दाखले नीट बघा. बेथोव्हेनने ऑक्टोबर 1802 मध्ये भावांना उद्देशून पत्र लिहिलं. बहिरेपणामुळे जीव द्यायचे विचार येत होते असं त्यात आहे. पण त्याच वर्षी हातावेगळी केलेली त्याची दुसरी सिंफनी उजळ, खेळकर आहे. रशियन संगीतकार रखमानिनोव्हची पहिली सिंफनी 1897 मध्ये सपशेल पडली आणि त्यानंतरची तीनेक वर्षं त्याच्याकडून जवळजवळ काहीच लिहून झालं नाही. 1900 मध्ये निकोलाय डाल या डॉक्टरचे उपचार घेतले, तेव्हा दुसरा पियानो कॉन्चेर्टो (पियानो आणि वाद्यवृंदासाठीची रचना) आला आणि तो त्याने डाललाच अर्पण केला. दुःखातूनच संगीत येत असतं तर ती तीन वर्षं कोरी का गेली?

आता तुमच्या घरच्या कामाबद्दल. अस्वस्थ माणूस व्हॉल्यूम वाढवत जातो. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी 1933 मध्येच दाखवलं की आवाजाची पातळी बदलली की कानाला खर्ज आणि तार कमी-जास्त ऐकू येतात. मोठ्याने ऐकताना मिक्स भरलेला वाटतो, सकाळी हळू लावला की पोकळ. शिवाय दमलेल्या कानाला वरचा भाग बोथट लागतो, म्हणून माणूस ट्रेबल चढवत राहतो. कानांना इजा होऊ नये म्हणून कामाच्या जागी 85 डेसिबल आवाजात आठ तास ही मर्यादा सुचवली जाते आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. 88 ला चारच तास. उदासीत उलटं होतं: सगळंच टाकाऊ वाटतं, चांगले ट्रॅक डिलीट होतात, नाहीतर विश्वास नसल्यामुळे थरावर थर चढतात आणि गायन रिव्हर्बमध्ये, म्हणजे कृत्रिम घुमाऱ्यात, बुडवलं जातं. अशा दिवशी काही पुसू नका, नवी आवृत्ती सेव्ह करा. सुचलेलं गुणगुणून फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. ट्रॅकना लेबलं लावणं, नको ते आवाज साफ करणं अशी कामं करा. अंतिम गायन आणि मिक्सचे निर्णय शांत दिवसासाठी ठेवा.

एक मान्य करतो: कच्च्या मनानेही ताबा न सोडणारे गायक असतात, मी पाहिलेत. पण तसे थोडे, आणि ते स्वतः ठरवून उभे राहतात, कुणी त्यांना उभं करत नाही. दुसरं, महिनोन्‌महिने झोप, भूक गेली असेल तर गाणी बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. तो प्रश्न प्लगइनने, म्हणजे आवाज सुधारणाऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरने, सुटणारा नाही.

आणि पुढे कधी तुम्ही काचेमागे असाल आणि गाणाऱ्याने दोन दिवस मागितले, तर द्या. तारीख पुढे ढकलता येते. बाजूला कुणी 'आजच्यासारखं पुन्हा मिळणार नाही' म्हणत असेल तर त्याला सांगा, पुन्हा मिळतं, आणि जास्त चांगलं मिळतं. माझ्याकडे ते दोन्ही टेक अजून आहेत.