चुनखडीचे खडे आणि जुना पाऊस
वाचकांचे प्रश्न : प्राचीन हवामान

शेततळं खोदताना काळ्या मातीखाली पिवळट थर लागला. त्यात बोराएवढे पांढरे, टणक खडे निघाले. गावात म्हणतात इथे पूर्वी समुद्र होता. खरं का? – एक द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका

समुद्राचा इथे काही संबंध नाही. शिंपले निघाले असतील तर तेही नदीतल्या गोगलगायींचे असणार. तुमचे खडे चुनखडीचे आहेत. लिंबू पिळून बघा, बारीक बुडबुडे येतील. आपला काळा पाषाण झिजतो तेव्हा त्यातलं कॅल्शियम पाण्यात उतरतं. पावसाळ्यात ते पाणी खाली मुरतं, मग जमीन तापते, पाणी उडून जातं आणि चुना मागे राहतो. हे शेकडो-हजारो वर्षं चाललं की खडा धरतो. पाऊस फार असला तर चुना धुपून जातो, म्हणून इगतपुरीकडे असे खडे शोधूनही मिळायचे नाहीत. म्हणजे खडा सापडला एवढ्यावरूनच कळतं की तो धरला तेव्हा तिथे लांबलचक कोरडा काळ असायचा.

पण मला त्यातला कार्बन जास्त हवा असतो. तो येतो वर उगवलेल्या झाडोऱ्याच्या मुळांतून. ज्वारी, बाजरी, ऊस आणि माळावरचं बहुतेक गवत हवेतला कार्बन एका रीतीने घेतं. झाडं, गहू, भात आणि तुमची द्राक्षवेल दुसऱ्या. गवताच्या वाटेने आलेल्या कार्बनमध्ये कार्बन-१३ हा साध्या कार्बनचा जड भाऊ जास्त असतो. तेवढ्यावरून वर माळरान होतं की झाडी, हे ओळखता येतं. माळरान म्हणजे कमी पाऊस, असं मात्र लगेच म्हणू नका. वणवे आणि चरणारी जनावरंही झाडी हटवतात. एका खड्यावरून मिलिमीटरमध्ये पाऊस सांगणारा भेटला, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

खडा मधोमध कापला की आत राखाडी गाभा दिसतो, भोवती फिकट कडं आणि अधूनमधून मँगनीजचे काळे ठिपके. गाभा जुना, कडं नवं. अख्खा खडा कुटून कार्बन-१४ने, म्हणजे कार्बनच्या हळूहळू नष्ट होणाऱ्या प्रकाराने, वय काढलं तर जे वय येतं, ते कुठल्याच काळाचं नसतं. म्हणून मी बारीक ड्रिलने गाभ्याची चिमूटभर भुकटी वेगळी काढते. कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो. पन्नास हजार वर्षांपलीकडे मोजायला काही उरत नाही.

तुमचे खडे ओबडधोबड, गाठीगाठींचे असतील तर ते जागेवरच धरलेले. गुळगुळीत असतील तर नदीने कुठूनतरी वाहून आणलेले, आणि माझ्या दृष्टीने बिनकामाचे. जमिनीपासून किती फुटांवर निघाले ते लिहून ठेवा. तुमच्याच तालुक्यात, नांदूर मधमेश्वरच्या गोदावरीच्या गाळात प्राचीन हत्तीची कवटी मिळाली होती. भूवैज्ञानिक पिलग्रिम यांनी १९०५मध्ये तिची नोंद केली. तेव्हा मोठं हाड दिसलं तर आधी जेसीबी थांबवा.

आणि तो पिवळट थर बागेत पसरू नका. चुना जास्त झाला की वेलीला लोह मिळत नाही, कोवळी पानं पिवळी पडतात. हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल.

पांडवलेण्यांत लवणस्तंभ शोधून जुना पाऊस कळेल का? – महाविद्यालयीन विद्यार्थिनी, नाशिक

नाही. ती बेसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणात, माणसांनी कोरलेली लेणी आहेत. लवणस्तंभ म्हणजे ठिबकत्या पाण्यातल्या चुन्याचे खांब, त्यांना चुनखडकाची गुहा लागते. मेघालयातल्या मॉम्लूह गुहेत जुन्या पावसाची तशी नोंद मिळाली. तिच्यातल्या सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीच्या अवर्षणाच्या खुणेवरून २०१८मध्ये भूशास्त्रीय कालखंडाला ‘मेघालयन’ असं नाव मिळालं.

मग त्याच दुष्काळाने जोर्वे संस्कृती संपली का? – एक निवृत्त शिक्षक, सिन्नर

हे बरंच ऐकू येतं, पण कालगणना जुळत नाही. जोर्वे ही महाराष्ट्रातली ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची संस्कृती इसवी सनापूर्वी साधारण १४००च्या सुमारास सुरू झाली. म्हणजे मेघालयातल्या त्या खुणेनंतर काही शतकांनी. लोणार सरोवराच्या तळाच्या गाळातही सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा दीर्घ कोरडा काळ दिसतो, पण तोही जोर्वेच्या आधीचाच. जो दुष्काळ लोक येण्याआधी सरला, तो त्यांना हुसकावणार कसा?

पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननात उत्तर जोर्वे, म्हणजे जोर्वेच्या शेवटच्या काळात मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्याचं दिसतं. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी त्याचा संबंध कोरड्या होत गेलेल्या हवामानाशी लावला. तो दुष्काळ असलाच तर नंतरचा, निराळा. मला त्यांचं म्हणणं पटतं, पण अर्धंच. लोक गरीब झाले हे घरांवरून कळतं. पाऊस कमी झाला हे घरांवरून कळत नाही. त्यासाठी त्याच काळाचा, त्याच खोऱ्यातला गाळ वाचायला हवा.

नाशिकला गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पाणी लागलं की आम्ही पूर मोजतो. मारुतीच्या आधीचे पूर कसे मोजतात? – पंचवटीतील वाचक

पुराचं पाणी ओढ्याच्या तोंडाशी किंवा खडकाच्या खोबणीत संथ होतं आणि बारीक गाळ टाकून जातं. सर्वांत उंचावरचा थर सांगतो, पाणी निदान इथवर चढलं होतं. थरातल्या वाळूच्या कणांवर शेवटचं ऊन कधी पडलं, ते प्रयोगशाळेत काढतात. नर्मदा आणि तापीच्या खडकाळ पात्रांत असे पूर वाचले गेले आहेत. रामकुंडावर हे जमणार नाही. तिथे घाट बांधले, गाळ उपसला, काँक्रीट ओतलं. शहराच्या वर, वस्ती नसलेल्या ओढ्यांच्या तोंडाशी शोधावं लागेल.