गच्चीवरच्या स्वीट पीला फुलं का येत नाहीत?

पुण्यात गच्चीवर स्वीट पी लावली, वेल डोक्याएवढी वाढली, पण जानेवारी संपत आला तरी फुलदाणीत ठेवायला एक दांडी मिळाली नाही, मग खत कमी पडलं का, असं तुम्ही विचारलंय.

खत नाही, वाण चुकलं. मीही पुण्यातच गच्चीवर लावते आणि पहिले दोन हिवाळे माझे असेच गेले. पाकिटावर झालरीच्या पाकळ्यांची मोठी फुलं दिसतात, ती बहुतेक स्पेन्सर प्रकारची. १९०१ पासून इंग्लंडमध्ये गाजलेली ही जात तिथल्या उन्हाळ्यासाठी आहे. दिवस साधारण १२ तासांचा झाल्याशिवाय ती कळी धरत नाही. आपल्याकडे डिसेंबरात दिवस असतो ११ तासांचा. १२ तास भरतात मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, तोवर ऊन इतकं तापतं की वेल बुडापासून पिवळी पडते. म्हणून बी घेताना लवकर फुलणारंच मागा. विंटर एलिगन्स किंवा मॅमथ नावाने मिळतं, लहान दिवसातही फुलतं.

पेरणी दिवाळीच्या आसपास, ऑक्टोबरचा उकाडा सरल्यावर. काळं, कडक बी रात्रभर भिजवा. फिकट रंगाचं असेल तर भिजवू नका, कुजतं. मुळं खोल जातात, तेव्हा कुंडी निदान फूटभर खोल हवी. मातीत शेणखत मिसळा, पण युरिया अजिबात नको, नुसता पाला माजतो. तीन-चार पानांच्या जोड्या आल्या की शेंडा खुडा. जिवावर येतं, पण फुटवे त्यामुळेच येतात. बांबूपेक्षा सुतळीची जाळी बरी, तणावे बारीक वस्तूलाच नीट धरतात. फेब्रुवारीत भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) येते, मावाही येतो. पाणी पानांवर न मारता बुडाशी घाला.

आता कापणीचं, कारण सगळं त्यावरच आहे. सकाळी लवकर, उन्हं गच्चीवर यायच्या आत जा. दांडीवरची खालची दोन फुलं उमललेली आणि टोकाच्या कळीला नुसता रंग चढलेला, अशी दांडी निवडा. ती वेलीला जिथे फुटते तिथूनच कापा आणि लगेच पाण्यात बुडवा. एक दिवसाआड कापत राहा, फुलं हवी असोत नाहीतर नसोत. चार शेंगा जरी धरल्या तरी वेल बी भरायच्या मागे लागते आणि फुलणं थांबतं. या शेंगा दिसतात मटारासारख्या, पण बी विषारी आहे. विदर्भातल्या लाखोळी डाळीची ही सख्खी नातलग. घरात लहान मुलं असतील तर शेंग दिसली की तोडून टाका.

फुलदाणी पिकत्या केळ्यांजवळ ठेवू नका. फळांतून निघणाऱ्या वायूने पाकळ्या एका दिवसात मिटतात. एरवी चार-पाच दिवस टिकतात, आणि संत्र्याच्या बहरासारखा वास खोलीभर राहतो.

तुमची आत्ताची वेल लगेच उपटू नका. दुपारी हिरव्या जाळीची सावली करा, मार्चमध्ये थोड्या दांड्या मिळू शकतील. नंतर ती मातीलगत कापा आणि मुळं कुंडीतच राहू द्या. त्यांच्या गाठींमध्ये नत्र असतं. माझा पावसाळ्यातला झेंडू त्याच कुंड्यांत होतो.