दुसरी पिशवी मागवण्याआधी

प्रिय डॉक्टर,

काल राउंडला तू विचारलंस, "सर, हिमोग्लोबिन 7.4 आलंय, रक्ताच्या दोन पिशव्या मागवू?" घाईत मी नुसतं 'थांब' म्हणालो. उरलेलं आता लिहितो.

मुळात दोनच का? एका पिशवीने मोठ्या माणसाचं हिमोग्लोबिन साधारण 1 ग्रॅमने वाढतं. रक्तस्राव चालू नसेल तर एक लाव, रुग्णाला पुन्हा बघ, मग पुढचं. मीही उमेदवारीत जोडीनेच मागवायचो. 10 च्या खाली गेलं की रक्त, असा शिरस्ताच होता. एका किरकोळ अंगाच्या आजींना मी अशीच सवयीने दुसरी पिशवी लावली. पहाटे त्या धापा टाकत उठून बसल्या, फुप्फुसात पाणी. रक्त जुळलेलं होतं, तपासलेलं होतं. फक्त जास्त झालं होतं.

पुढे 1999 मध्ये कॅनडातला अभ्यास आला, आयसीयूतल्या 838 रुग्णांचा. 7 च्या खाली गेल्यावरच रक्त दिलेल्यांचं, 10 च्या वर राखलेल्यांपेक्षा काही वाईट झालं नाही. हार्ट अटॅकच्या रुग्णात मात्र 7 चा हट्ट धरू नकोस. आणि कुठल्याही रुग्णात आधी नाडी, रक्तदाब, दम, छातीतलं दुखणं, आकडा त्यानंतर.

पण खरं काम याच्या कितीतरी आधीचं. गुडघा बदलायची तारीख दोन महिने आधी ठरलेली, आणि माणूस 9 हिमोग्लोबिन घेऊन आदल्या संध्याकाळी भरती होतो. ही चूक ओपीडीतली, आपली. तेव्हाच फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, बघायचं. लोह कमी असेल तर गोळ्या, दिवस थोडे उरले असतील तर शिरेतून. शिवाय ते लोह गेलं कुठे, हेही शोधायचं. आतड्याचा कर्करोग कधीकधी असाच हाती लागतो.

अपघातात रक्त जात असलेल्या रुग्णाला ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, म्हणजे रक्तस्राव कमी करणारं औषध, पहिल्या तीन तासांत, जितकं लवकर तितकं बरं. उशीर झाल्यावर ते उलट अपाय करू शकतं.

आणखी एक, जरा लाजिरवाणं. आयसीयूत तपासण्यांसाठी आपण रोज 40 मिलिलिटर रक्त सहज काढतो. आठवडाभरात पिशवी भरत येते, आणि मग तेच आपण परत चढवतो! छोट्या ट्यूबा वापरायला कुणाची परवानगी लागत नाही.

कालच्या रुग्णाच्या 'रोज सकाळी' लिहिलेल्या तपासण्या आज बंद कर. फेरिटिन पाठवलं नसशील तर पाठव. रिपोर्ट घेऊन उद्या राउंडच्या आधी भेट.

तुझा,
सर