पेशवाईतला वाडा पाहायचा असेल तर शनिवारवाडा की विश्रामबागवाडा?

तुम्ही विचारलंय की एका दिवसासाठी पुण्यात येतोय, पेशव्यांच्या काळातला वाडा आतून पाहायचा आहे, तर शनिवारवाड्यात जावं का. शनिवारवाडा जरूर पाहा, पण तिथे 'वाडा' असा उरलेला नाही. 1828 च्या आगीत आतलं सगळं जळालं. आज दिसतात ते तट, बुरूज, दिल्ली दरवाजा, नगारखाना आणि आतली जोती. राहता वाडा कसा असायचा हे बघायचं तर विश्रामबागवाड्यात जा. तो शनिवारवाड्यापासून चालत जाण्याइतका जवळ, बाजीराव रस्त्यावर तुळशीबागेच्या अगदी शेजारी आहे.

दुसऱ्या बाजीरावांनी तो बांधून घेतला, 1807 च्या सुमारास. खडकीच्या लढाईनंतर, 1817 च्या नोव्हेंबरात त्यांनी पुणं सोडलं, म्हणजे जेमतेम दहा वर्षं त्यांना तो लाभला. नंतर इंग्रजांनी 1821 मध्ये इथे संस्कृत पाठशाळा काढली. त्याच पाठशाळेतून पुढे डेक्कन कॉलेज उभं राहिलं. पुढे नगरपालिकेचा कारभारही बरीच वर्षं इथूनच चालला, आणि तळमजल्यावर पोस्ट होतं. 1879 मध्ये शहरात आग लावली गेली, तेव्हा बुधवारवाडा पार खाक झाला. विश्रामबागवाड्याचाही एक भाग जळाला, पण तो पुन्हा बांधला गेला. माझं ठाम मत आहे की हा वाडा टिकला तो सतत वापरात राहिल्यामुळे. माणसांचा राबता असला की गळकं छप्पर कुणाच्या तरी लक्षात येतं. कुलूप लागलं की वाळवी आणि पाणी आपलं काम गुपचूप करतात. पुण्यातले कितीतरी वाडे असेच गेले.

आत शिरण्याआधी रस्त्याच्या पलीकडे उभं राहून वरचा सज्जा नीट बघा. रस्त्यावर पुढे आलेला हा लाकडी सज्जा सगळ्या दर्शनी भागाचा जीव आहे. गर्दीत मान वर करून बघायला कुणाला सवड नसते, म्हणून तो हजारो लोकांच्या नजरेतून रोज सुटतो. मग वर जाऊन दिवाणखान्यातले सुरूचे खांब पाहा. खाली रुंद, वर निमुळते होत गेलेले, आणि त्यांवर पानांचं कोरीव काम. दोन खांबांमधल्या महिरपी बघा आणि त्यांना लोंबणारी कोरीव केळफुलंही. एकाच खांबापाशी पाच मिनिटं थांबलात तरी त्या सुतारांचा हात कळतो. हा सगळा लाकडाचा संसार आहे आणि दोनशे वर्षांचा आहे, म्हणून कृपा करून टेकू नका, मुलांना खांबांवर नखांनी रेघा ओढू देऊ नका. काही ठिकाणी लोकांनी नावं कोरलेली दिसतात, ते पाहून जीव कळवळतो.

चौकात उभं राहिलात की वाड्याची रचना आपोआप उलगडते: मधे उघडं आकाश, भोवती ओसऱ्या, उजेड आणि वारा थेट आत. वाड्यात डागडुजीची कामं टप्प्याटप्प्याने चालतात, त्यामुळे एखादं दालन बंद असू शकतं. म्हणून निघण्याआधी चौकशी करून घ्या. सकाळी लवकर गेलात तर लक्ष्मी रस्त्याची गर्दी लागायच्या आत निवांत बघून होईल, आणि शनिवारवाडा दुपारनंतर उरकता येईल. गाडी मात्र लांब लावून चालतच या, त्या भागात पार्किंग मिळणं फार कठीण.