तिसरी परीक्षा आणि रविवारचा डोंगर

प्रश्न : ताई, मी नाशिकचा, सध्या जर्मनीत ड्रेस्डेनला मास्टर्स करतोय. एका विषयात दोनदा नापास झालो. तिसरी संधी शेवटची. रात्र रात्र झोप नाही, छातीत धडधडतं. तिकडे असताना हरिहर, अंजनेरीला कायम जायचो. इथेही डोंगर आहेत, पण निघायचं म्हटलं की बाबांनी काढलेलं कर्ज आठवतं. काय करू?

उत्तर : तुझं पत्र वाचून पोटात कालवलं. त्याच शहरात, त्याच तिसऱ्या संधीच्या धाकात मीही एक हिवाळा काढलाय. सातही दिवस ग्रंथालयात बसायचे आणि निम्मा वेळ एकाच पानाकडे बघत राहायचे. म्हणून आधी हे सांगते, एक रविवार डोंगरावर गेलास म्हणून बाबांचं कर्ज वाढत नाही.

सकाळी एस 1 लोकलने केनिगश्टाइनला उतर. सेमिस्टर तिकीट चालतं. फेरीबोटीने एल्ब नदी ओलांडलीस की समोर लिलिएनश्टाइन डोंगर. उंची 415 मीटर, नदीपासून चढ साधारण 300 मीटरचा. हरिहर चढलेल्या पोराला सहज जमेल. जवळच्या बास्टाय कड्यांवरचा 1851 सालचा दगडी पूल जास्त नावाजलेला आहे, पण तिथे गर्दी फार. लिलिएनश्टाइनचे तुटलेले कडे आणि सपाट माथा बघून तुला आपले गडच आठवतील. दगड मात्र आपल्यासारखा काळा कातळ नाही, वालुकाश्म आहे.

दर रविवारी नवा डोंगर शोधू नकोस. नवी वाट म्हणजे पुन्हा नकाशा, पुन्हा निर्णय, आणि थकलेल्या डोक्याला तेच नको असतं. मी तोच चढ चढत राहिले. चौथ्या की पाचव्या खेपेला अर्ध्या वाटेत लक्षात आलं, गेली वीस मिनिटं परीक्षा डोक्यात आलीच नव्हती. त्या रात्री मी सलग सहा तास झोपले. पहिल्याच खेपेला असं काही झालं नाही, तर खट्टू होऊ नकोस.

रविवारी दुकानं बंद असतात, खाऊ शनिवारीच घेऊन ठेव. डिसेंबरात चारलाच अंधारतं, दोनला उतरायला लाग. किडीने वाळलेली झाडं कोसळतात म्हणून काही वाटा बंद असतात. तिथली पाटी ओलांडू नकोस. कुठे जातोयस ते रूममेटला सांगून जा. अडचणीत 112.

पण झोप आणि धडधड यांसाठी रविवारची वाट बघायची नाही. उद्याच डॉक्टरला दाखव आणि तुमच्या श्टुडेंटनवेर्कच्या, म्हणजे विद्यार्थी सेवा संस्थेच्या, समुपदेशन केंद्रात वेळ घे. विद्यार्थ्यांना पैसे पडत नाहीत. मी तिथे फार उशिरा गेले, याची मला आजही हळहळ वाटते. जगणंच नको असं कधी मनात आलं, तर त्याच घटकेला कुणाला तरी सांग, 112 ला फोन कर.

बाबांना निकाल सांगितलास का, हे पत्रात कुठेच नाही. नसेल सांगितला, तर डोंगर उतरून गाडीची वाट बघताना त्यांना फोन लाव. तुझ्याकडे तीन वाजले असतील तेव्हा नाशिकला संध्याकाळ झालेली असेल, ते घरीच असतील.