आईच्या कानातलं सौभद्र

प्रश्न : ताई, नमस्कार. मी नाशिकची, इंदिरानगरला राहते. आई 76 वर्षांची आहे, लग्नाआधी तिनं जयराम आणि जयमाला शिलेदारांचं संगीत नाटक सौभद्र बघितलं होतं आणि आजही भाजी निवडताना त्यातलंच काहीतरी गुणगुणत असते, आम्ही भावंडं ते ऐकतच मोठी झालो. पुढच्या महिन्यात पुण्यात सौभद्रचा प्रयोग लागलाय, नव्या संचात, सगळी तरुण मुलंमुली आहेत. मी म्हटलं चल जाऊया, तर म्हणते, "नको गं, माझ्या कानात आहे तेच राहू दे, आता तसं कोण गाणार." भाऊ म्हणतो तीन तासांच्या नाटकासाठी जाऊन येऊन दहा तास गाडीत कशाला बसवतेस, यूट्यूबवर लावून दे. त्यात तिचे गुडघे. आणि दोन वर्षांपूर्वी मी तिला इथेच एका नाट्यपदांच्या कार्यक्रमाला नेलं होतं तिथे गाणी रेकॉर्ड केलेली वाजत होती, समोरचे नुसते ओठ हलवत होते, आई मध्यंतरातच घरी चल म्हणाली. तेव्हापासून तिचा भरवसाच उडालाय. नेऊ का तिला?

उत्तर : न्या. अगदी नक्की न्या. पण तिकीट काढायच्या आधी दोनतीन फोन करा आणि आईशी एकदा निवांत बोला, नुसतं "चल गं, मजा येईल" म्हणून ती निघणार नाही आणि तिचं म्हणणं चूक आहे असं मला वाटतही नाही. पन्नास वर्षं जे सूर कानात जपले त्यांना धक्का लागेल अशी भीती वाटणारच ना.

तरी एक गोष्ट तिला जरूर सांगा. अण्णासाहेब किर्लोस्करांनी सौभद्र पहिल्यांदा रंगभूमीवर आणलं ते 1882 साली, पुण्यातच. सुभद्रेचं काम भाऊराव कोल्हटकर करायचे, पुरुष, आणि त्यांच्या आवाजावर लोक वेडे होते. त्या वेळच्या चाली कीर्तनातल्या, लावणीच्या, साकी, दिंडी अशा जुन्या वृत्तांच्या, बायका घरात म्हणायच्या त्या गाण्यांच्या, म्हणजे प्रेक्षकाच्या ओळखीच्याच, पदं छोटी छोटी पण शंभराच्या वर, नाटक रात्रभर चालायचं. पुढे बालगंधर्वांच्या काळात संगीत नाटकातलं गाणंच पालटलं, शास्त्रीय मैफलीतल्या ख्यालाच्या अंगानं आलाप ताना आल्या, साथीला थिरकवांसारखे तबलजी बसले, एकेका पदाला तीनतीन वन्समोअर पडायला लागले. शिलेदार त्या गंधर्व गायकीच्या वळणातले. म्हणजे आईनं जे ऐकलं तेही 1882 चं सौभद्र नव्हतं हो, ते ऐंशीनव्वद वर्षांनी नव्या गळ्यांतून पुन्हा उभं राहिलेलं सौभद्र होतं, आणि त्या नाट्यगृहातही कुणीतरी म्हातारे आजोबा बसलेले असणार ज्यांच्या कानात त्याच्याही आधीचं गाणं होतं. ते आजोबा घरी बसले नाहीत म्हणून तर त्यांना शिलेदार ऐकायला मिळाले. आईला हे असंच सांगून बघा, गाण्यातलं कळणाऱ्या माणसाला हे पटतं.

यूट्यूबचं म्हणाल तर भावाला सांगा की रेकॉर्डिंगमध्ये पद एकदाच गायलेलं असतं आणि तसंच राहतं. संगीत नाटकात तसं नसतं, चाल ठरलेली, शब्द ठरलेले, पण त्या दिवशी गळा कसा लागलाय, समोरून दाद कशी येतेय, ऑर्गनवाला कुठे सूर धरून ठेवतोय यावर पद दोन मिनिटांत संपणार की आठ मिनिटं चालणार ते ठरतं. कृष्णाचं 'प्रिये पहा' एखाद्या चांगल्या तयारीच्या पोरानं सुरू केलं आणि पहिल्या ओळीवरच तिसऱ्या रांगेतून कुणाची तरी "वा" आली की तो पुढची जागा वेगळीच घेतो, ती आदल्या प्रयोगातही नव्हती आणि पुढच्यातही नसेल. मी स्वतः वडिलांना घेऊन एका प्रयोगाला नाशिकहून मुंबईला गेले होते, तेही आधी नाहीच म्हणत होते, आणि दुसऱ्या अंकात त्यांनी माझा हात घट्ट धरला तो पद संपेपर्यंत सोडलाच नाही. वडील आता नाहीत. तो हात मला अजून जाणवतो, म्हणून तुम्हाला इतकं आग्रहानं सांगतेय.

आता फोन कशासाठी करायचे ते. पहिलं म्हणजे आयोजकांना सरळ विचारा, ऑर्गन आणि तबला प्रत्यक्ष आहे का ट्रॅकवर आहे, आणि नट स्वतः गातात का. यात लाजायचं काही नाही, चांगली मंडळी हे अभिमानानं सांगतात, आणि जो गुळमुळीत बोलेल त्याचं तिकीट काढूच नका, मागच्यासारखं परत झालं तर आई पुन्हा कधीच येणार नाही. दुसरं विचारायचं ते पदांबद्दल. हल्ली प्रयोग तीन तासांत बसवतात, म्हणजे बरीच पदं गाळावीच लागतात. आईची लाडकी चारपाच पदं कोणती ते तिच्याकडून काढून घ्या आणि ती आहेत का विचारून ठेवा. एखादं नसेल तर तिला निघायच्या आधीच सांगा. हे मुद्दाम सांगतेय, कारण गाळलेलं पद माणसाला वाट बघायला लावतं, ती प्रवेशभर त्याचीच वाट बघत बसेल, समोर चाललेलं 'नच सुंदरी करू कोपा' तिच्या कानावरून निसटून जाईल आणि नंतर चुटपुट लागेल ती वेगळीच. आधीच माहीत असलं की मन मोकळं होतं.

प्रवासाचं. नाशिक पुणे साधारण 210 किलोमीटर, रेल्वेचा थेट मार्ग नाही, म्हणजे रस्ताच. सकाळी निघून दुपारचा प्रयोग गाठायचा आणि रात्री परत, असं आईच्या वयाला करू नका, चाकणला आणि मोशीला गाडी अडकली की पाच तासांचे सात होतात आणि नांदी, म्हणजे नाटकाच्या सुरुवातीचं स्तवन, चुकते. आणि नांदी चुकवायची नाही, पडदा उघडायच्या आधी कान लागतात ते तिथेच. आदल्या दिवशी सकाळी निघा, सिन्नर, संगमनेर, आळेफाटा करत आरामात जा, वाटेत नारायणगाव लागेल, तमाशाची पंढरी, आईला गाण्याची आवड आहे तर तिथे चहाला थांबून तिला जुन्या फडांच्या गोष्टी विचारा, प्रवास असा गेला तर जड होत नाही. एसटीनं जाणार असाल तर 75 च्या पुढच्यांना तिकीट लागत नाही आणि बायकांना अर्धं, आईचं आधार कार्ड मात्र पर्समध्ये ठेवा आणि जी गाडी निवडाल तिला सवलत लागू आहे ना ते बुकिंगच्या वेळी बघून घ्या. पुण्यात मुक्काम नाट्यगृहाच्या जवळ बघा, लांबच्या नातेवाईकांकडे उतरलात की जेवणं आणि गप्पा यातच आई दमून जाईल.

सीट बाल्कनीतली घेऊ नका, खालची, कडेची, म्हणजे मध्यंतरात गुडघा मोकळा करायला उठता येईल. अगदी पहिली रांगही नको, मान दुखते, पाचवी सहावी उत्तम. ऑर्गन तबला रंगमंचाच्या कोणत्या बाजूला बसतात ते विचारून त्याच बाजूला मिळालं तर आईला साथ छान ऐकू येईल, स्पीकरच्या तोंडाशी मात्र नको. आणि नाटक चालू असताना "आवडलं का गं?" असं विचारू नका. ती पदाबरोबर हळूच गुणगुणायला लागली तर गुणगुणू द्या, पुढच्यानं मागे वळून बघितलं तरी.

प्रश्न : मी सेकंड इयरला आहे, कॉलेज रोडला रूमवर राहतो. 'कट्यार काळजात घुसली'चा पिक्चर दहाएक वेळा बघितलाय. मुंबईत नाटकाचा प्रयोग लागला तर एकट्यानं जायचंय पण क्लासिकलमधलं काहीच कळत नाही, बोअर होईल का? आणि रात्री परत कसं यायचं?

उत्तर : अरे, जा बिनधास्त. फक्त एक लक्षात ठेव, सिनेमा 2015 चा आणि नाटक 1967 चं, पुरुषोत्तम दारव्हेकरांनी लिहिलेलं, पं. जितेंद्र अभिषेकींचं संगीत, आणि खाँसाहेबांचं काम वसंतराव देशपांडे करायचे. सिनेमासाठी शंकर एहसान लॉय यांनी नवी गाणी केली, ती कव्वाली वगैरे नाटकात नाही, त्यामुळे तिची वाट बघत बसू नकोस. नाटकात तुला जे मिळेल ते असं की एकच पद, 'घेई छंद मकरंद', दोन घराण्यांच्या दोन वेगळ्या चालींत समोरासमोर ऐकायला मिळतं, राग कुठला ते कळलं नाही तरी दोन माणसं एकाच ओळीकडे किती वेगळं बघतात ते कळतंच, आणि अख्खं नाटक त्याच भांडणावर तर उभं आहे. वसंतरावांच्या नातवानं, राहुल देशपांडेंनी, 2010 मध्ये हे नाटक पुन्हा उभं केलं तेव्हा तुझ्यासारखीच काही न कळणारी खूप मुलं आली होती आणि त्यातली बरीच नंतर गाणं शिकायला लागली, माझ्या ओळखीतलीच दोन आहेत. जायच्या आधी आठवडाभर वसंतरावांच्या आवाजातली जुनी पदं ऐक, एवढी तयारी पुरे.

परतीचं जरा नीट बघ. सकाळची पंचवटी एक्सप्रेस जायला उत्तम, पण परतीची पंचवटी संध्याकाळी सहाच्या सुमाराला सीएसएमटीहून निघून जाते आणि दुपारी चारचा प्रयोग तोवर संपत नाही. त्यामुळे रात्रीच्या एखाद्या लांब पल्ल्याच्या गाडीचं रिझर्वेशन आधी काढ आणि मगच नाटकाचं तिकीट. दादरचं शिवाजी मंदिर नाट्यगृह स्टेशनपासून चालत आहे, घाई होत नाही. कल्याणला अत्रे रंगमंदिरात किंवा ठाण्याला गडकरी रंगायतनला प्रयोग असेल तर तोच घे, तेवढा लोकलचा प्रवास वाचतो. जनरलच्या डब्यात उभ्यानं येऊ नकोस, पहाटे नाशिक रोडला उतरताना डोक्यात गाणं असावं, पाठदुखी नाही.

प्रश्न : हे सगळं आपल्या नाशिकच्या कालिदास कलामंदिराला का येत नाही? दर वेळी आम्हीच का जायचं?

उत्तर : तुमची तळमळ माझीही आहे. संगीत नाटकाला माणसं जास्त लागतात, गाणारे नट, साथीदार, कपडेपट, ध्वनीची वेगळी तयारी, सगळा ताफा गाडीत घालून आणायचा तर एका प्रयोगाच्या तिकिटांत तो खर्च निघणं अवघड होतं, मग निर्माता दोन पात्रांचं विनोदी नाटक आणतो. पण आपल्या गावाचं या प्रकाराशी नातं किती जुनं आहे बघा. 'मत्स्यगंधा' लिहिणारे वसंत कानेटकर इथेच राहायचे, एचपीटी कॉलेजात शिकवायचे. 'ययाति आणि देवयानी' तात्यासाहेबांचं, म्हणजे कुसुमाग्रजांचं, त्यातली पदं अजून मैफलींत गातात. आणि आजच्या काळात 'संगीत देवबाभळी' लिहिणारा आणि बसवणारा प्राजक्त देशमुख नाशिकचाच, दोन बायका आणि अभंग, एवढ्यावर त्यानं महाराष्ट्रभर नाट्यगृहं भरवली. म्हणजे लिहिणारे आपले, गाणारे घडतात आपल्याकडे, बघायला मात्र आपण घाट उतरून जायचं, हे मला खरंच लागतं.

एक करता येतं. पंचवीसतीस घरं एकत्र येऊन आयोजकाला आधीच सांगू शकतात की एवढी तिकिटं आम्ही घेतो, प्रयोग लावा. इंदिरानगरच्या ताई, कॉलेज रोडचा तू आणि तुम्ही, तिघांनीही मासिकाच्या पत्त्यावर कळवा, मी पहिली चार तिकिटं आत्ताच लिहून ठेवते.