नाव मोठं, गल्ला छोटा : हॉलिवूडच्या स्टार लोकांबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात ड्वेन जॉन्सनच्या ‘द स्मॅशिंग मशीन’बद्दल थोडं लिहिलं होतं, की एवढा मोठा स्टार, व्हेनिस फेस्टिव्हलमध्ये सिनेमाच्या दिग्दर्शकाला बक्षीस, जॉन्सनच्या कामाचं सगळीकडे कौतुक, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये लागला तर अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत ६० लाख डॉलरसुद्धा झाले नाहीत, हीरो म्हणून त्याची सगळ्यात कमी ओपनिंग, म्हंजे नुसत्या स्टारच्या नावावर आता पब्लिक येत नाही. त्यावर पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज इतके आले की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी सांगितलंय, म्हणून फक्त मोहल्ला देतेय.

प्रश्न : ताई, तुम्ही म्हणता स्टारच्या नावावर आता पब्लिक येत नाही, मग ‘टॉप गन’चा दुसरा भाग कसा चालला? टॉम क्रूझ साठीला टेकला तरी अख्खं जग त्याच्यासाठी गेलंच ना?
– एक निवृत्त बँकवाले काका, लोकमान्यनगर

काका, गेलं, मीपण गेले. २०२२ मध्ये ‘टॉप गन : मॅव्हरिक’नं जगभरात जवळजवळ १४९ कोटी डॉलर केले, क्रूझच्या अख्ख्या करिअरमधला सगळ्यात मोठा आकडा. पण जरा त्याची गेल्या काही वर्षांची यादी काढून बघा. २०१८ ते २०२५ मध्ये त्याचे चार सिनेमे आले, तीन ‘मिशन इम्पॉसिबल’ आणि एक हा ‘टॉप गन’, म्हंजे चारही जुन्या मालिकांचे पुढचे भाग. त्याच्या आधी २०१७ मध्ये ‘द ममी’ करून पाहिला, युनिव्हर्सल स्टुडिओला त्याच्या जोरावर भुताखेतांच्या सिनेमांची अख्खी रांग उभी करायची होती, बाहेरच्या देशांत बरा चालला पण अमेरिकेत ८ कोटी डॉलरवर अडकला आणि ती रांग तिथंच मोडली. त्याच वर्षीचा ‘अमेरिकन मेड’ तर बऱ्याच जणांना आठवतही नसेल, आणि खरं सांगते, त्यात त्याचं काम फार छान होतं.

आता १९९२ ते १९९६ बघा. सलग पाच सिनेमे अमेरिकेत १० कोटी डॉलरच्या वर. एक लष्करी कोर्टातला खटला, एक वकिलाची थ्रिलर, एक रक्तपिपासू भुतांचा, एक खेळाडूंच्या एजंटचा आणि फक्त एक ‘मिशन इम्पॉसिबल’. विषयांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, क्रूझ तेवढा कॉमन. आपल्याकडे इंदुरात सानंद संस्थेच्या नाटकाला प्रशांत दामले आहेत म्हटलं की नाटक कशावर आहे ते आधी कोणी विचारत नाही, तसं त्याचं होतं. आता त्याच माणसाला विमान किंवा ‘मिशन’चा टायटल ट्रॅक सोबत लागतो. आणि तेही दर वेळी पुरत नाही. २०२३ चा ‘मिशन’ जवळपास २९ कोटी डॉलर खर्चून केला आणि जगभरात ५७ कोटींच्या आसपास आले, ऐकायला दुप्पट वाटतं, पण तिकिटाचे जवळजवळ निम्मे पैसे थेटरवाला ठेवतो आणि जाहिरातीचा खर्च वेगळाच, म्हंजे शेवटी हातात फारसं काही उरत नाही. वर नऊ दिवसांनी ‘बार्बी’ आणि ‘ओपनहायमर’ येऊन बसले. तेव्हा काका, माणूस तोच आहे, मेहनत तर आधीपेक्षा जास्त करतोय, फक्त नुसत्या नावावर तिकीट फाटायचे दिवस त्याच्यासाठीही राहिले नाहीत.

प्रश्न : आम्ही मैत्रिणी मार्व्हलचे सुपरहीरो सिनेमे बघतच मोठ्या झालो. थॉर म्हणजे क्रिस हेम्सवर्थ माझा एकदम फेव्हरेट! पण त्याचा दुसरा कुठलाही सिनेमा आला की सगळ्या म्हणतात राहू दे ना, ओटीटीवर येईल. असं का?
– बी.कॉम.ची विद्यार्थिनी, सुदामानगर

अगं, तुझ्या मैत्रिणी जे म्हणतात तेच अख्ख्या जगात चाललंय. २०१५ हे एकच वर्ष घे. हेम्सवर्थचा ‘ॲव्हेंजर्स’चा दुसरा भाग, १४० कोटी डॉलर. त्याच वर्षी त्याचा ‘ब्लॅकहॅट’, मायकल मानसारखा दिग्दर्शक, खर्च ७ कोटी आणि जगभरात मिळाले जेमतेम २ कोटी. वर्षाच्या शेवटी देवमाशाच्या शिकारीवरचा ‘इन द हार्ट ऑफ द सी’, १० कोटींचा सिनेमा, तोही खर्चाइतकं कमवू शकला नाही. तोच चेहरा, तेच वर्ष, पण हातात थॉरचा हातोडा नव्हता.

हे नुसतं प्रेक्षकांमुळे झालं असं मला नाही वाटत. स्टुडिओनं हे समजून-उमजून केलंय. नट म्हातारा होतो, पैसे वाढवून मागतो, नाही म्हणतो, आणि पात्र कंपनीच्या मालकीचं असतं, ते कुठंही जात नाही. स्पायडरमॅन टोबी मॅग्वायरनं केला, मग अँड्र्यू गारफिल्डनं, मग टॉम हॉलंडनं, पब्लिक येतच राहिली. अँथनी मॅकी, जो मार्व्हलमध्ये आधी फाल्कन होता आणि नंतर कॅप्टन अमेरिका झाला, त्यानं स्वतःच सांगितलंय की आता मूव्ही स्टार राहिले नाहीत, स्टार आहे तो फाल्कन, मी नाही. दिग्दर्शक टॅरँटिनोसुद्धा २०२२ मध्ये हेच बोलला तेव्हा मार्व्हलचे फॅन लोक भडकले होते, पण मॅकीचं बोलणं आतल्या माणसाचं आहे, त्याला कोण काय म्हणणार.

आणि आपल्याकडे यात अजून एक गोष्ट आहे ज्यावर कोणी बोलतच नाही, डबिंग. ‘ज्युरासिक पार्क’ १९९४ मध्ये हिंदीत आला तेव्हापासून इंदूरसारख्या गावात हॉलिवूड खऱ्या अर्थानं सगळ्यांपर्यंत पोचलं आणि ते चांगलंच झालं, माझा त्याला अजिबात विरोध नाही. ‘एंडगेम’नं २०१९ मध्ये भारतात ३५० कोटी रुपयांच्या वर कमावले त्यात हिंदी, तमिळ, तेलुगूचा मोठा वाटा आहे. पण नटाचा निम्मा अभिनय त्याच्या आवाजात असतो गं! डबिंगवाले कलाकार जीव ओतून काम करतात, तरी पडद्यावरचा माणूस आपल्याला अर्धाच मिळतो, मग लक्षात काय राहतं, तर सूट, हातोडा, ढाल. ज्याचा खरा आवाज कधी ऐकलाच नाही त्याचा दुसरा सिनेमा बघायला कोण कशाला जाईल?

पण थांब, याची दुसरी बाजूपण आहे. रॉबर्ट डाउनी ज्युनिअर आयर्न मॅन सोडून ‘डूलिटल’ घेऊन आला २०२० मध्ये, तो पडला. ठीक. पण तो गेल्यावर मार्व्हलचं तरी काय झालं, २०२३ चा ‘द मार्व्हल्स’ २० कोटी डॉलरच्या जरा वर जाऊन थांबला, त्यांच्या अख्ख्या रांगेत सगळ्यात कमी. आणि जुलै २०२४ मध्ये मार्व्हलनं कोणाला परत बोलावलं? डाउनीलाच, डॉक्टर डूम या व्हिलनच्या रोलसाठी. म्हंजे माणूस लागतोच, हे त्यांनाही कळलंय, फक्त मोठ्यानं कबूल करत नाहीत.

प्रश्न : मी पंधरा-वीस वर्षं सीडी-डीव्हीडी भाड्यानं देत होतो. तेव्हा लोक दुकानात येऊन ‘ज्युलिया रॉबर्ट्सची नवीन आली का’ असं विचारायचे. दुकान बंद झालं त्याचा आणि स्टार लोकांचा काही संबंध आहे का?
– मल्हारगंज

दादा, फार मोठा संबंध आहे, आणि तुमचं पत्र वाचून मला फार बरं वाटलं कारण हे खरं मूळ आहे आणि बाकी कोणी विचारलंच नाही.

अमेरिकेत डीव्हीडी १९९७ मध्ये आली आणि पुढची दहाएक वर्षं स्टुडिओसाठी तो दुसरा रिलीजच होता. थेटरात थोडं कमी-जास्त झालं तरी सहा महिन्यांनी डीव्हीडी भरून काढायची. मॅट डेमननं २०२१ मध्ये एका मुलाखतीत हा हिशोब फार सोपा करून सांगितला होता, की समजा २.५ कोटी डॉलरचा साधा माणसांच्या गोष्टीचा सिनेमा आहे, तेवढेच अजून जाहिरातीला, झाले ५ कोटी, त्यात थेटरवाल्याचा निम्मा वाटा, म्हंजे १० कोटी आले तर कुठं बरोबरी. डीव्हीडी असताना ही रिस्क घेता यायची, ती गेल्यावर असे सिनेमे निघणंच बंद होत गेलं.

आणि स्टार नेमके याच सिनेमांतून घडायचे! २००० चा ‘एरिन ब्रॉकोविच’ घ्या. ना स्फोट, ना सूट, एक तीन पोरांची आई पाण्यातल्या विषाबद्दल कंपनीशी भांडते, बस. ज्युलिया रॉबर्ट्सला त्याचे २ कोटी डॉलर मिळाले, त्या वेळी कुठल्याच नटीला एवढे मिळत नव्हते, आणि सिनेमानं जगभरात २५ कोटींच्या वर कमावले. आज हीच गोष्ट घेऊन गेलात तर म्हणतील आठ एपिसोडची सीरिज करू. लोक घरी बघतील, आवडेल, तारीफ करतील, पण तिचं नाव ऐकून पाकिटातून पैसे काढायची सवय कशी लागेल हो?

आत्ताच्या पोरांकडे बघा. सिडनी स्वीनी आणि ग्लेन पॉवेल, २०२३ च्या शेवटी दोघांचा ‘एनिवन बट यू’ आला, खर्च २.५ कोटी, कमाई २२ कोटींच्या आसपास. सगळे म्हणाले चला, मिळाले नवे स्टार. नोव्हेंबर २०२५ मध्ये दोघांचे वेगवेगळे सिनेमे आले. तिचा ‘क्रिस्टी’ अमेरिकेत २००० च्या वर थेटरांत लागून पहिल्या तीन दिवसांत १३ लाख डॉलर, त्याचा ‘द रनिंग मॅन’ ११ कोटींचा आणि कमाई ७ कोटींच्याही आत. मला यात त्या दोघांचा दोष दिसत नाही. क्रूझला, रॉबर्ट्सला लागोपाठ सात-आठ मधल्या बजेटचे सिनेमे मिळायचे, लोकांच्या ओळखीचं व्हायला वेळ मिळायचा. यांना एक हिट झाला की लगेच ११ कोटींचं ओझं डोक्यावर.

प्रश्न : एवढे पैसे घेतात म्हणून सिनेमे बुडतात, सरळ गोष्ट आहे. बरोबर ना?
– रामबाग

अर्धं बरोबर. जिम कॅरीनं १९९६ मध्ये एका सिनेमाचे २ कोटी डॉलर घेतले तेव्हापासून तो आकडा मोठ्या लोकांचा रेटच झाला. पण पूर्वी मोठा स्टार कमाईतला टक्का घ्यायचा, सिनेमा चालला तर त्याचाही फायदा. ओटीटीवाले टक्का देत नाहीत, सगळे पैसे आधीच मोजून देतात, मग सिनेमा चालो न चालो. स्कार्लेट जोहान्सननं जुलै २०२१ मध्ये डिस्नीवर केस केली ती याच भांडणातून, ‘ब्लॅक विडो’ थेटरात आणि त्यांच्या ओटीटीवर एकाच दिवशी टाकला, आणि तिचे पैसे थेटरच्या कमाईवर ठरलेले होते. दोन महिन्यांत तडजोड झाली. मला विचाराल तर फीपेक्षा जास्त नुकसान हे झालं की ओटीटीवर सिनेमा पडला तरी कळत नाही आणि चालला तरी कळत नाही. शुक्रवारी आकडा येणार, गावभर चर्चा होणार, हे जे थेटरात होतं त्यातूनच तर नाव बनायचं.

प्रश्न : मग आता दिग्दर्शकच स्टार झालेत का?
– तिलकनगर

मोजके. नोलन तर नक्कीच. ‘ओपनहायमर’ तीन तासांचा, अर्धा वेळ बंद खोलीतल्या चौकश्या, हीरो किलियन मर्फी ज्याचं नाव आपल्याकडे फार लोकांना माहीत नव्हतं, आणि तरी भारतात १०० कोटी रुपयांच्या वर गेला, ‘बार्बी’च्या पुढे. असे किती आहेत पण? एका हाताची बोटंही पुरी होत नाहीत.

प्रश्न : आपल्याकडेही हेच होणार का? माझे वडील इथल्या एका वितरकाकडे कामाला होते, तेव्हा सिनेमा न बघता नुसतं हीरोचं नाव ऐकून सेंट्रल इंडियाचे हक्क घ्यायचे म्हणे.
– राजेंद्रनगर

घ्यायचेच! इंदूर हे सेंट्रल इंडियाच्या वितरणाचं जुनं ठाणं आहे, नावाची किंमत काय असते ते इथल्या लोकांनी पेटीतले पैसे लावून बघितलंय. अमेरिकेत १९३२ पासून एक पोल असायचा, थेटरमालकांनाच विचारायचे की बाबा यंदा कोणाच्या नावावर पैसे आले, तसंच ते.

आपल्याकडे चित्र थोडं वेगळं आहे. २०२२ मध्ये आमिरचा ‘लालसिंग चड्ढा’ साफ पडला, लोक म्हणाले संपलं सगळं, आणि पुढच्याच वर्षी शाहरुखचे ‘पठाण’ आणि ‘जवान’ दोन्ही जगभरात १००० कोटी रुपयांच्या वर. २०२५ मध्ये आपल्या इंदुरात जन्मलेल्या सलमानचा ‘सिकंदर’ ईदला येऊनही अपेक्षेइतका चालला नाही आणि चार महिन्यांनी अगदी नव्या पोरांचा ‘सैयारा’ ५०० कोटींच्या वर गेला. मराठीत तर २०१६ मध्येच रिंकू आणि आकाश, दोघांनाही कोणी ओळखत नव्हतं, ‘सैराट’ १०० कोटींच्या आसपास पोचला. मला यात आशा दिसते, कारण आपल्याकडे अजून माणसांच्या गोष्टी थेटरासाठी बनतात, प्रेमकथा, घरच्या गोष्टी, गाणी, आणि त्यातून एखादा नवा चेहरा एका शुक्रवारात घराघरात पोचतो. हॉलिवूडनं हा मधला मार्गच बंद करून टाकला.

प्रश्न : डिकॅप्रिओचा ‘वन बॅटल आफ्टर अनदर’ बघायचा होता, आम्ही दोघं म्हणालो पुढच्या आठवड्यात जाऊ, तोवर इंग्रजी शो उतरलेच. फार वाईट वाटलं.
– एक जोडपं, ओल्ड पलासिया

मलाही वाटलं असतं. डिकॅप्रिओ हा शेवटच्या काही लोकांपैकी आहे ज्यानं नाव झाल्यापासून एकही सुपरहीरो, एकही सीक्वेल केला नाही, दर वेळी नवा विषय. ‘इन्सेप्शन’ २०१० मध्ये ८० कोटी डॉलरच्या वर गेला होता. ‘वन बॅटल’ २० कोटींच्या आसपास थांबला, दिग्दर्शक पॉल थॉमस अँडरसनसाठी तो सगळ्यात मोठा आकडा, पण खर्चच १३ कोटींच्या वर होता, त्यामुळे थेटरचा हिशोब काही जमला नाही. अशा सिनेमाचे इंग्रजी शो आपल्याकडे आधीच दोन-तीन, तेही रात्री उशिरा, आणि पहिल्या सोमवारचे आकडे बघून मल्टिप्लेक्सवाले पुढच्या शुक्रवारचं ठरवतात. म्हणून नटासाठी जायचं असेल तर पहिल्या शनिवार-रविवारीच जा. बुधवारी-गुरुवारी बुकिंग उघडतं तेव्हा ॲपवर ‘इंग्लिश’ निवडून बघा, नुसतं नाव टाकलं की हिंदीचे शो वर येतात आणि इंग्रजी नाहीच असं वाटतं. तुमचा सिनेमा आता घरीच बघावा लागेल, पण लाइट बंद करून, फोन बाजूला ठेवून आणि इंग्रजीतच बघा, सबटायटल लावा हवं तर.